कलामहर्षी बाबूराव पेंटर

पेंटर हे काही आमच्या समाजातील आडनाव नव्हे. ते एका व्यवसायाचे नाव आहे. लोकांनी कौतुकाने ते एका कलावंताच्या नावास असे जोडले, की त्याचे घराणे कोणते व वाडवडिलांचा धंदा कोणता, याचा पुढे बहुतेकांस विसर पडला. कोल्हापूरचे कृष्णराव मेस्त्री यांचे चिरंजीव बाबूराव हेच ते बाबूराव पेंटर. व्ही. शांताराम यांचे नाव आमच्या घराघरांतील मुलांना ठाऊक असते. प्रभात कंपनीची तुतारी वाजविणारी स्त्रीमूर्तीही पुष्कळांनी पाहिलेली असते. परंतु शांतारामबापू, दामले व फत्तेलाल या सर्वांनी ज्या गुरूच्या हाताखाली चित्रपटाचे पहिले धडे गिरविले, तो गुरू रंधा, पटाशी आणि कानस यांच्या सहवासात वाढलेला होता, हे सांगितले म्हणजे ऐकणाऱ्यास नवल वाटते. हे नवल वाटण्याचे कारण उरू नये, म्हणून यंदाच्या स्मरणिकेत त्यांचे चरित्र थोडक्यात सादर करण्याचे आम्ही योजिले आहे.

थोर पुरुषांची चरित्रे केवळ अभिमानासाठी वाचावयाची नसतात. त्यांनी काय मिळविले हे जसे पाहावे, तसे काय त्यांच्या हातून निसटले हेही पाहावे. बाबूरावांच्या चरित्रात या दोन्ही गोष्टी आहेत, आणि दुसरीचा विचार आमच्या समाजाने अधिक करावा असे आम्हांस वाटते.

घराणे व बालपण

बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. वडील कृष्णराव हे सुतारकाम व लोहारकाम करीत. पण त्यांचा हात केवळ दारे-खिडक्यांपुरता नव्हता, कोरीव कामातही तो चालत असे. अशा घरात मुलाला कला शिकवावी लागत नाही. लाकडाचा पोत बोटांना कळतो, गुण्याने काटकोन पाहण्याची डोळ्यांना सवय लागते, आणि एखादी वस्तू मोडली तर ती उकलून पाहण्याचा धीर अंगी येतो. चित्रकलेच्या कोणत्याही विद्यालयात न जाता बाबूराव चित्रकार झाले, मूर्तिकार झाले आणि यंत्रज्ञही झाले. याचे रहस्य शोधू लागल्यास ते त्यांच्या वडिलांच्या कामाच्या जागेतच सापडेल.

त्यांच्या उमेदीचा काळ हा कोल्हापूरच्याही उमेदीचा काळ होता. राजर्षी शाहू छत्रपतींच्या राज्यात नाटक, गाणे, मल्लविद्या व चित्रकला या सर्वांना आश्रय होता. आबालाल रहिमान यांच्यासारखा श्रेष्ठ चित्रकार त्याच नगरीत राहत होता. कारागिराच्या मुलाने कलावंत म्हणून मान मिळवावा, ही गोष्ट इतरत्र अवघड असली तरी कोल्हापुरात अशक्य नव्हती.

पडद्यांची कला

बाबूरावांच्या जीवनाला वळण लागले ते त्यांचे नात्यातील बंधू आनंदराव यांच्या संगतीने. आनंदराव हेही स्वयंभू कलावंत होते. १९१० पासून पुढे पाच-सहा वर्षे या दोघा बंधूंनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविण्याचे काम केले. केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्श मंडळीसाठी त्यांनी रंगविलेल्या पडद्यांची त्या काळी मोठी वाहवा झाली. राजवाडा, अरण्य, नगरातील रस्ता अशा देखाव्यांचे ते भव्य पडदे पाहताना प्रेक्षकांना सपाट कापडावर खोली भासत असे. खांबांची रांग दूर जाताना किती लहान करावी, उजेड कोणत्या बाजूने पडतो आणि सावली कोठे लांबते, याचा हिशेब त्यांना अचूक साधला होता. दोघांच्याही नावापुढे पेंटर ही उपाधी लागली ती याच कामामुळे.

याच सुमारास, १९१३ साली, दादासाहेब फाळके यांचा राजा हरिश्चंद्र हा मूकपट मुंबईत झळकला. तो पाहून महाराष्ट्रातील अनेक तरुणांच्या मनात चित्रपटाचे वेड शिरले. त्यांपैकी बहुतेकांना नट होण्याची इच्छा झाली असेल. या दोघा बंधूंना मात्र हे यंत्र चालते तरी कसे, हा प्रश्न पडला. त्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून चित्रपट दाखविण्याचे यंत्र मिळविले. चित्रपट दाखवून चार पैसे मिळवावयाचे आणि त्याच वेळी त्या हलत्या चित्रांचे मर्म जाणून घ्यावयाचे, असा त्यांचा दुहेरी उद्योग सुरू झाला.

घरी घडविलेला कॅमेरा

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचे हात यंत्रावर चालतात. त्यांच्यासाठी येथे थोडे थांबून, या दोघांनी काय आरंभिले होते ते सांगणे अवश्य आहे. चित्रपटाची पट्टी ३५ मिलिमीटर रुंद असते व तिच्या दोन्ही कडांना छिद्रे असतात. एका चित्राच्या उंचीत अशी चार छिद्रे येतात, आणि एका फूट पट्टीत १६ चित्रे बसतात. मूकपटाच्या काळी हाताने दांडा फिरवून सेकंदाला साधारण तितकीच चित्रे घेतली जात. पट्टी नुसती सरकत राहिली तर चित्र फरकटते. म्हणून यंत्रातील आकड्याने छिद्रात शिरून पट्टी नेमकी एक चित्रभर खाली ओढली पाहिजे, मग बाहेर येऊन ती क्षणभर स्थिर राहू दिली पाहिजे. आणि पट्टी सरकत असताना प्रकाश अडविणारी फिरती चकती भिंगाच्या वाटेत आली पाहिजे. हे सारे सेकंदाला १६ वेळा, केसाचाही फरक न पडता घडावे लागते. दात्यांत जरा ढिलाई असली तर पडद्यावरचे चित्र थरथरते, आणि पेटीच्या सांध्यात सुईएवढी फट राहिली तर प्रकाश आत शिरून सारी पट्टी काळवंडते.

चित्र दाखविण्याच्या यंत्रातही पट्टी अशीच थांबत थांबत सरकते. त्यामुळे ते यंत्र ज्याने उकलून पाहिले, त्याला कॅमेऱ्याची अर्धी वाट दिसली असे म्हणता येईल. उरलेली अर्धी वाट कौशल्याची. प्रकाशबंद पेटीसाठी सुताराचा हात हवा, दाते व आकडे यांसाठी लोहाराचा, आणि चित्र कसे पडेल हे जाणण्यासाठी चित्रकाराचा डोळा. हे तिन्ही गुण एका घरात नांदत होते. फाळक्यांनी आपल्या विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून विलायतेहून कॅमेरा आणला, तो त्याग मोठाच. येथे कोल्हापुरात तेच यंत्र स्वतःच्या हातांनी घडविण्याचा प्रयत्न चालला होता.

हा प्रयत्न सफल होण्याआधीच, १९१६ साली, आनंदराव निवर्तले. पहिला चित्रपट काढण्याची सिद्धता चालू असताना हा घाला पडला. दुसरा कोणी असता तर पुन्हा पडद्यांच्या कामाकडे वळला असता, कारण त्यात नाव होते आणि पैसाही होता. बाबूरावांनी हाती घेतलेले काम सोडले नाही. विष्णुपंत दामले या तरुण शिष्याला हाताशी धरून त्यांनी कॅमेऱ्याचे काम पुढे चालविले, आणि १९१८ साली तो कॅमेरा चित्रे घेऊ लागला.

महाराष्ट्र फिल्म कंपनी

यंत्र सिद्ध झाले तरी चित्रपट सिद्ध होत नाही. जागा हवी, माणसे हवीत, फिल्म परदेशातून मागवावयास रोकड हवी. चित्रपटाच्या धंद्याला पैसा देणे म्हणजे तो पाण्यात टाकणे, असे ज्या काळी शहाणी माणसे मानीत, त्या काळी बाबूरावांच्या मदतीला धावून आल्या त्या कोल्हापूरच्या गायिका तानीबाई कागलकर. एका कलावंताचा गुण दुसऱ्या कलावंताने ओळखला. त्यांच्या साहाय्याने १९१७-१८ च्या सुमारास महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. कोल्हापूर हे पुढे चित्रपटसृष्टीचे माहेरघर म्हणून गाजले, त्याचा पाया हा असा घातला गेला.

कंपनीचा पहिला चित्रपट सैरंध्री १९२० साली पुण्याच्या आर्यन चित्रगृहात लागला. विषय कीचकवधाचा. रंगभूमीवर खाडिलकरांच्या नाटकामुळे हा विषय केवळ पौराणिक राहिला नव्हता. परकीय सत्तेवरील रूपक म्हणून तो लोकांच्या मनात घर करून होता. बाबूरावांनी भीम-कीचकाचे द्वंद्व व कीचकाचा अंत इतक्या हुबेहूब रीतीने दाखविला की प्रेक्षागृहात घबराट उडाली असे सांगतात, आणि तो भाग पुढे अधिकाऱ्यांच्या कात्रीत सापडला. लोकमान्य टिळकांनी हा चित्रपट पाहून बाबूरावांचा गौरव केला व त्यांना सिनेमा केसरी ही पदवी दिली. त्यानंतर काही महिन्यांतच लोकमान्यांचे देहावसान झाले. त्यांच्या हातचा हा गौरव बाबूरावांनी आयुष्यभर जपावा असाच होता.

सैरंध्रीत स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. गुलाबबाई व अनसूयाबाई या त्या दोघी. पडद्यावर त्या कमलादेवी व सुशीलादेवी या नावांनी आल्या. फाळक्यांच्या मोहिनी भस्मासुर या १९१३ च्या चित्रपटात दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई यांनी ही वाट उघडली होती, तरीही समाजाचा रोष ओसरला नव्हता. या दोघींना त्यांच्या आप्तांनी दूर केले तेव्हा कंपनीच्याच आवारात त्यांच्या राहण्याची व्यवस्था करण्यात आली. जातीच्या पंचांनी कोणास वाळीत टाकावे हा त्या काळचा नेहमीचा प्रकार होता. आज ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत हे लिहिताना, कलेसाठी घर गमावलेल्या या दोन स्त्रियांचे स्मरण आदराने करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

वैभवाचा काळ

१९२० पासूनची सात-आठ वर्षे ही महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या वैभवाची होत. बाबूरावांची कामाची रीत एखाद्या कारखान्याच्या मुख्य मिस्त्रीसारखी होती. चित्रीकरणास आरंभ होण्यापूर्वी प्रत्येक दृश्याचे रेखाटन त्यांच्या हातचे तयार असे. वेषभूषा, दागिने, शस्त्रे, महाल यांचे नमुने ते स्वतः काढीत. नाटकातले रंगविलेले पडदे ज्याने स्वतः गाजविले होते, त्यानेच चित्रपटातून ते हद्दपार केले. त्यांच्या जागी लाकूड, बांबू व गिलावा यांचे खरेखुरे खांब, जिने आणि सज्जे उभे केले. कॅमेऱ्याच्या डोळ्याला रंगविलेली खोली फसवू शकत नाही, हे त्या पडदे रंगविणाऱ्याइतके कोणास कळणार?

१९२१ च्या सुरेखाहरण या चित्रपटात श्रीकृष्णाच्या भूमिकेत एक नवा तरुण दिसला. तो म्हणजे शांताराम. पडेल ते काम करणारा उमेदवार म्हणून तो कंपनीत आला होता. विष्णुपंत दामले, फत्तेलाल, बाबूराव पेंढारकर, केशवराव धायबर ही सारी माणसे याच आवारात तयार झाली. येथे नोकरीची वर्गवारी नव्हती. सकाळी सेट उभारावयाचा, दुपारी तोंडाला रंग लावून उभे राहावयाचे, रात्री अंधाऱ्या खोलीत फिल्म धुवावयाची, अशी ती उमेदवारी होती. आमच्या घरांतून मुलगा जसा आधी केर काढतो, मग हत्यारे पाजळतो आणि नंतर कामाला हात लावतो, तीच ही पद्धत.

१९२३ साली सिंहगड आला. हरिभाऊ आपटे यांच्या गड आला पण सिंह गेला या कादंबरीवर तो आधारलेला होता. बाळासाहेब यादव तानाजी, शांताराम शेलारमामा आणि स्वतः बाबूराव शिवछत्रपती अशी भूमिकांची वाटणी होती. रात्रीच्या चढाईची दृश्ये घेताना बाबूरावांनी कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला. सूर्यप्रकाशावरच सारे चित्रीकरण अवलंबून असलेल्या काळात हे मोठे धाडस होते. मुंबईत या चित्रपटास इतकी गर्दी लोटली की ती पाहून सरकारला करमणूक-कराची कल्पना सुचली, असे चित्रपटसृष्टीत सांगितले जाते. मुंबई इलाख्याचा करमणूक-कराचा कायदा त्याच साली झाला, हे मात्र खरे.

पुढील वर्षीचा कल्याण खजिना हाही शिवकालातील चित्रपट. लंडनजवळ वेम्ब्ली येथे १९२४ साली भरलेल्या प्रदर्शनात त्याला पदक मिळाले. धंद्याच्या दृष्टीनेही बाबूराव काळाच्या पुढे होते. चित्रपटाची नुसती नावे छापलेल्या जाहिरातींऐवजी त्यांनी रंगीत चित्रांची मोठी भित्तिपत्रके काढली आणि प्रेक्षकांच्या हाती कथासार व छायाचित्रे असलेल्या पुस्तिका दिल्या. कल्याण खजिन्याचे भित्तिपत्रक हे आज उपलब्ध असलेल्या भारतीय चित्रपटांच्या सचित्र भित्तिपत्रकांत सर्वांत जुन्यांपैकी मानले जाते. गावोगावच्या भिंतींवर पुढे शंभर वर्षे जी चित्रपटांची चित्रे झळकली, त्यांचे मूळ या एका पडदे रंगविणाऱ्याच्या कुंचल्यात आहे.

सावकारी पाश

पौराणिक व ऐतिहासिक चित्रपटांनी नाव व पैसा मिळत असता, १९२५ साली बाबूरावांनी अगदी वेगळी वाट धरली. नारायण हरी आपटे यांच्या कथेवरून त्यांनी सावकारी पाश काढला. सावकाराच्या कागदांत अडकून जमिनीला मुकलेला एक शेतकरी गाव सोडतो आणि शहरात गिरणीत मजूर होतो, एवढीच ही कथा. शेतकऱ्याची भूमिका शांतारामांनी केली. यात देव नाहीत, चमत्कार नाहीत, तलवारी नाहीत. एक पडकी झोपडी आणि तिच्यापाशी रडणारे कुत्रे, एवढ्या दृश्याने बाबूरावांनी दारिद्र्याचे सारे दुःख उभे केले. ज्यांनी ते पाहिले त्यांना ते अखेरपर्यंत विसरता आले नाही.

लोकांनी मात्र त्या वेळी पाठ फिरविली. पोटातले दुःख विसरण्यासाठी जो तिकीट काढतो, त्याला पडद्यावर तेच दुःख नको असते. चित्रपट धंद्यात चालला नाही. आज भारतीय चित्रपटांच्या इतिहासात वास्तववादाची सुरुवात म्हणून ज्या कृतीकडे बोट दाखविले जाते ती हीच. बाबूरावांचाही तिच्यावरचा विश्वास ढळला नाही. १९३६ साली तोच विषय त्यांनी बोलपटाच्या रूपाने पुन्हा मांडला. सुतार, लोहार व शेतकरी ही गावगाड्याची माणसे एकाच सावकाराच्या दारात उभी राहत आली आहेत. त्यांचे चित्र काढण्यासाठी बाबूरावांना कल्पनेवर फार ताण द्यावा लागला नसेल, असे आम्हांस वाटते.

वियोग

आता आम्ही त्या प्रसंगाकडे येतो, ज्याचा विचार समाजाने करावा असे आरंभी सांगितले. कंपनीत कला बाबूरावांची होती, यंत्रज्ञान बाबूरावांचे होते, माणसे बाबूरावांनी घडविलेली होती. भांडवल मात्र इतरांचे होते. ज्याचे भांडवल त्याचा शब्द अखेरचा, हा व्यवहाराचा नियम कोणाही कलावंतासाठी बदलत नाही. बाबूराव स्वभावाने मितभाषी आणि एकाग्र होते. एखाद्या दृश्यासाठी मनाजोगता प्रकाश येईपर्यंत थांबण्याची त्यांची तयारी असे. हिशेबाच्या वहीला अशी वाट पाहणे परवडत नाही.

१९२७ साली नेताजी पालकर या चित्रपटाचे दिग्दर्शन शांतारामांनी केले. शिष्य स्वतंत्रपणे उभे राहण्याइतके मोठे झाल्याचे ते चिन्ह होते. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनीची स्थापना झाली. शांताराम, दामले, फत्तेलाल व धायबर हे चौघे महाराष्ट्र फिल्म कंपनीतून आले, आणि पैशाची बाजू कोल्हापूरचे सराफ सीतारामपंत कुलकर्णी यांनी सांभाळली. काम करणारे चौघेही तेथे नोकर न राहता भागीदार झाले, हा प्रभातचा विशेष होता. गुरूच्या कारखान्यात त्यांनी कला शिकली. आणि तेथे जे उणे होते तेही त्यांनी डोळसपणे पाहिले, असेच म्हणावे लागेल.

उजवे-डावे हात एकदम गेल्यावर महाराष्ट्र फिल्म कंपनी फार काळ तग धरू शकली नाही. १९३० च्या लंकेनंतर तिची घडी विस्कटली. त्यातच १९३१ साली बोलपट आला. बाबूरावांना बोलपटाचे आकर्षण नव्हते. इतक्या कष्टाने घडविलेली चित्रांची भाषा शब्दांच्या गलबल्यात बुडून जाईल, अशी त्यांना धास्ती वाटत होती. ही धास्ती अगदीच निराधार होती असे आजही कोणी म्हणणार नाही. परंतु काळ कोणासाठी थांबत नाही. ज्या कंपनीने एका पिढीला चित्रपट शिकविला, ती बंद झाली.

शिष्यांनी गुरूला सोडले याचा कोणी राग धरावा, असे आम्हांस वाटत नाही. प्रभातचा संत तुकाराम १९३६ साली निघाला आणि व्हेनिसच्या महोत्सवात त्याची वाखाणणी झाली. त्याचे दिग्दर्शक दामले व फत्तेलाल हे बाबूरावांचेच शिष्य. त्या चित्रपटातील इंद्रायणीचा काठ, देहूची घरे, साधी खरी माणसे पाहताना, खऱ्या खांबांवर उभ्या केलेल्या त्या जुन्या कोल्हापुरी देखाव्यांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. प्रभात पुढे पुण्यास गेली. तिच्या आवारात १९६० साली शासनाची चित्रपट-शिक्षणसंस्था स्थापन झाली. देशभरातून तेथे कॅमेरा शिकण्यास आलेल्या विद्यार्थ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल, की ही परंपरा मागे मागे नेली तर ती कोल्हापुरात हातांनी घडविलेल्या एका कॅमेऱ्यापाशी जाऊन पोचते!

उत्तरकाळ

कंपनी गेली तरी बाबूरावांचे हात रिकामे राहिले नाहीत. शालिनी सिनेटोनसाठी त्यांनी उषा (१९३५), सावकारी पाश (१९३६), प्रतिभा (१९३७) हे बोलपट केले. रुक्मिणी स्वयंवर १९४६ साली आला. १९४७ च्या लोकशाहीर रामजोशी या गाजलेल्या चित्रपटाच्या दिग्दर्शनात गुरू बाबूराव व शिष्य शांताराम यांची नावे शेजारी शेजारी झळकली. अठरा वर्षांपूर्वी दूर गेलेली दोन माणसे एका कामासाठी पुन्हा एकत्र आली, यातच दोघांचाही मोठेपणा दिसतो.

चित्रे काढणे व मूर्ती घडविणे हा त्यांचा मूळचा व्यवसाय तर अखंड चालूच होता. कोल्हापूरच्या शिवाजी चौकात १९४५ साली उभा राहिलेला शिवछत्रपतींचा पुतळा त्यांच्याच हातचा. सिंहगडात ज्यांनी स्वतः छत्रपतींची भूमिका केली, त्यांनीच ती मूर्ती घडवावी, हा योग विलक्षण होता. चित्रपटाची फिल्म जळते, सडते, हरवते. त्यांच्या मूकपटांपैकी फारच थोडे तुकडे आज शिल्लक आहेत. पुतळ्यासमोरून मात्र कोल्हापूरकर रोज ये-जा करतात.

१६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरात बाबूरावांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय ६३ वर्षांचे होते. जनतेने त्यांना कलामहर्षी म्हटले. कोल्हापुरात त्यांच्या स्मरणार्थ कॅमेऱ्याच्या आकाराचा स्तंभ उभारण्यात आला. यंत्रालाच स्मारकाचा मान मिळावा, असे भाग्य फार थोड्या कारागिरांच्या वाट्याला येते.

आमच्यासाठी बोध

या चरित्रातून आमच्या समाजबांधवांनी काय घ्यावे? पहिली गोष्ट उघड आहे. हाताने काम करणे हे कमीपणाचे लक्षण नसून तेच नव्या विद्येचे दार आहे. पाटी-पुस्तकाची विद्या आमच्या मुलांनी मिळविलीच पाहिजे, आणि आज ती मिळवीतही आहेत. पण ती मिळविताना हातातील हत्यार लाजेने खाली टाकू नये. बाबूराव यंत्र शिकण्यास विलायतेला गेले नाहीत. यंत्रच त्यांच्या घरी आले, कारण ते उकलून पाहणारे हात घरात होते.

दुसरी गोष्ट अधिक कठीण आहे. आमच्या माणसाने वस्तू घडवावी, दुसऱ्याने तिचा कारखाना काढावा आणि अखेर आमचा माणूस आपल्याच कलेच्या दारात परका व्हावा, हे पिढ्यान्‌पिढ्या घडत आले आहे. बाबूरावांसारख्या पुरुषोत्तमाच्याही बाबतीत ते टळले नाही. फर्निचरच्या दुकानात पाटी दुसऱ्याची आणि घाम आमचा, हे चित्र आजही पेठांतून दिसतेच. याचा दोष केवळ दुसऱ्यांवर टाकून भागणार नाही. हिशेब लिहिणे, करारपत्र वाचून सही करणे, भागीदारीत आपला वाटा आधी ठरविणे, या गोष्टी आम्ही कलेइतक्याच महत्त्वाच्या कधी मानल्या नाहीत. प्रभातच्या चौघांनी त्या मानल्या. ज्ञातिसंस्था गुणवंत विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देतात हे योग्यच आहे. त्याबरोबर एखाद्या होतकरू कारागिराला स्वतःचा कारखाना काढण्यास दोन पैसे उसने द्यावेत, आणि त्याला जमाखर्च शिकवावा, हेही संस्थेचे काम आहे. तानीबाईंसारखी उदार व्यक्ती प्रत्येकाला भेटत नाही. ती उणीव समाजाने भरून काढावयाची असते.

परंतु तिसरी गोष्ट सांगितल्यावाचून हे चरित्र पुरे होणार नाही. बाबूरावांनी आपली विद्या झाकून ठेवली असती, तर कदाचित त्यांची कंपनी आणखी काही वर्षे चालली असती. जुन्या कारागिरांत अशी रीत होती. खास हातोटी मरेपर्यंत कोणास न सांगता ती चितेवर नेणारे कसबी आमच्यातही होऊन गेले. बाबूरावांनी दामल्यांना कॅमेरा शिकविला, फत्तेलालांना देखावे शिकविले, शांतारामांना चित्रातून कथा सांगावयास शिकविले. यांत ब्राह्मण होते, मुसलमान होते. गुरूने शिष्याची जात विचारली नाही. ती शिकवण घेऊन शिष्य निघून गेले आणि गुरूची कंपनी बुडाली. पण कंपन्या सर्वांच्याच बुडतात. प्रभातही पुढे बंद पडली. जे दिले गेले तेवढेच टिकले. आज हातातील फोनवर चित्रीकरण करणारा मुलगा प्रकाशाची दिशा पाहून क्षणभर थांबतो, तेव्हा नकळत त्याच देण्याचा वारसा तो चालवीत असतो.

म्हणून घडवावे, सांभाळावे आणि वाटावे, या तिन्ही गोष्टी आमच्या तरुणांनी एकत्र साधाव्यात. पहिल्या व तिसऱ्या बाबतीत बाबूरावांहून मोठा आदर्श शोधावा लागणार नाही. दुसरी गोष्ट त्यांच्या वाट्याला आलेल्या दुःखातून आम्ही शिकून घ्यावी. असे झाले तरच त्यांचे ऋण अंशतः फिटले असे म्हणता येईल. कोल्हापूरच्या मेस्त्री घराण्यातील या थोर कलावंताच्या पुण्यस्मृतीस समस्त समाजाच्या वतीने आम्ही विनम्र अभिवादन करतो.